मामांचा प्रश्न

२००३ साली आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वस्तीतील वाचनालयात संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे असे. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी युनोच्या सुरक्षा परिषदेत इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगितले. ती बातमी आम्ही ठणकावून वाचली.

गिरणीतून निवृत्त झालेले एक मामा कोपऱ्यात बसत. ते म्हणाले, "पोरा, ती अस्त्रं डोळ्यानं पाहिली कोणी?"

"मामा, साऱ्या जगाचे पेपर छापताहेत. ते काय सगळे खोटे?" असे म्हणून आम्ही हसलो. इतर पोरेही हसली. मामा गप्प बसले.

२० मार्चला युद्ध पेटले. हजारो माणसे मेली. २००४ साली अमेरिकेच्याच तपास पथकाने सांगितले, की इराकमध्ये अशा अस्त्रांचे साठे सापडले नाहीत.

मग पेपरांनी छापले ते काय? न्यूयॉर्क टाइम्सचेच उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर २००२ रोजी या पत्राने पहिल्या पानावर बातमी दिली, की इराक अणुबॉम्बच्या कामासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे. सांगणारे कोण? नाव न छापलेले सरकारी अधिकारी! त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी टीव्हीवर त्याच बातमीचा हवाला दिला. म्हणजे सरकारी माणसांनी पेपरला सांगितले आणि पेपरात आले म्हणून सरकारने लोकांना सांगितले. या नळ्या रॉकेटसाठी असाव्यात, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांचे मत होते. ते मागे पडले. २६ मे २००४ रोजी या पत्राने आपल्या इराकविषयक बातम्यांतील उणिवा कबूल केल्या. पण त्या आतल्या दहाव्या पानावर.

सगळेच फसले असेही नाही. नाइट रिडर या वृत्तसमूहाचे वार्ताहर त्याच काळात शंका घेत होते. त्यांनी मंत्र्यांना सोडून खालच्या अधिकाऱ्यांना विचारले.

आज आम्ही कारकुनी करतो. एका पावतीच्या दहा झेरॉक्स जोडल्या म्हणून दहा खर्च मंजूर होत नाहीत. बातमीचेही तसेच आहे. दहा ठिकाणी छापली, पण मूळ सांगणारा एकच असेल, तर पावती एकच. म्हणून परदेशची बातमी वाचताना आम्ही पाहतो : सांगणारा कोण? त्याचे नाव दिले आहे का? त्यात त्याचा फायदा काय? उलट मत छापले आहे का? आणि चूक झाली, तर बातमी आली तेवढ्याच ठळकपणे ती सुधारली का?

परवा आमच्या मुलीने मोबाइलवर एका युद्धाची बातमी दाखविली. "बाबा, सगळ्यांनी पाठवलीय!" ती म्हणाली. आम्ही विचारले, "बाळ, पाहिलं कोणी?" तिने शोधले. सगळ्यांनी एकाचीच बातमी पुढे ढकलली होती.

वाचकहो, आमच्या हसण्याने ते युद्ध झाले नाही. पण खरा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आम्ही चारचौघांत गप्प केले, हे खरे. मामा आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली. निदान त्यांचा प्रश्न तरी आपण घराघरांत विचारू या.