पिच्चर किती निघून गेला?

मंठ्यात केबलचा धंदा करताना फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, पिच्चर किती निघून गेला?" दुपारी लोकल चॅनलवर 'माहेरची साडी' लावला, की भांडी उरकून बसणाऱ्या बायांची सुरुवात हुकलेलीच असे. (हक्कांचं काय, हे तेव्हा कुणी विचारत नसे, मीही नाही.)

मग मी दुसरा मॉड्युलेटर घेतला. तोच सिनेमा दुसऱ्या चॅनलवर, सव्वा तास मागून. एसटीच्या फेऱ्या वाढवाव्यात तसं. माणूस मात्र प्लेयरपाशी बसलेला हवा. सीडी बदलायला उठेपर्यंत निम्मं गाव निळा पडदा बघत बसायचं.

हिशेब पुढे जमेना. अडीच तासांचा सिनेमा चार चॅनलवर सारख्या अंतरानं फिरवला, तर थांबणं फार तर साडेसदतीस मिनिटं. पाच केले तर तीस. एवढा खर्च करून वाचली किती, तर साडेसात मिनिटं!

यावरची युक्ती मला फार उशिरा वाचायला मिळाली. थांबावं लागतं ते फक्त सुरुवातीसाठी. शेवट दोन तासांनी बघायचाय, तो सारखा सारखा कशाला फिरवायचा? तैवानच्या जुहन आणि त्सेंग यांनी 1998 साली हे मांडलं. सिनेमाचे दहा-दहा मिनिटांचे पंधरा तुकडे करा. पहिल्या चॅनलवर पहिलाच तुकडा फिरत ठेवा. दुसऱ्यावर दोन आणि तीन, तिसऱ्यावर चार ते सात, चौथ्यावर आठ ते पंधरा. चॅनल तेवढेच चार, थांबणं फार तर दहा मिनिटं. पाचवा जोडला तर तुकडे होतात एकतीस, आणि थांबणं पाच मिनिटांच्या आत! मी वहीत चौकटी आखून दोनदा ताडून पाहिलं.

घोडं अडतं ते डब्यापाशी. चारही चॅनल एकदम पकडून पुढचे तुकडे साठवणारा डबा घरात हवा, जवळपास निम्मा सिनेमा मावेल असा. आमच्याकडे सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला 2017 साली, आणि आम्ही वाटले ते डबे काही साठवणारे नव्हते. तोवर पोरांच्या हातात मोबाइल आला होता.

त्या काळी माझ्यापाशी होता तो फक्त फोन. "काही नाही गेलं काकू, बसा," म्हणायचो आणि झालेली गोष्ट भराभरा सांगायचो. काकू रिसीव्हर जरा बाजूला धरून तीच शेजारणींना ऐकवायच्या आणि मधेच मला म्हणायच्या, "थांब रे, हळू सांग."