किलोच्या भावाने

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. बायका बांगड्यांच्या दुकानाकडे वळतात, पोरे आकाशपाळण्याकडे आणि म्हातारे पानठेल्याकडे. आम्ही दोघे भाऊ मात्र बाजाराच्या अगदी शेवटच्या टोकाला जातो. तिथे कोणीतरी जमिनीवर फाटकी ताडपत्री पसरून बसलेला असतो. तिच्यावर सायकलच्या चेनी, कान तुटलेल्या कढया, ट्रॅक्टरचे बोल्ट, किल्ल्या नसलेली कुलपे असा सगळा ढीग. आम्ही उकिडवे बसतो आणि तो ढीग उपसायला लागतो. ओळखीचे लोक जाता जाता विचारतात, "का मास्तर, यंदाही लोखंडच का जी?" आम्ही हसतो आणि पुन्हा ढिगात हात घालतो.

आमच्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, आता निवृत्त आहे. दुसरा मालवाहू टेम्पो चालवतो. सुतारकाम दोघांनाही येत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आमच्या घरात आज दोनशेच्या वर हत्यारे आहेत. हत्यारे म्हणजे सुताराची, लोहाराची, गवंड्याची. हल्ली हा शब्द आम्हाला जपून वापरावा लागतो, म्हणून खुलासा केला.

आमचे अब्बा मिस्त्री होते. नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. एका अंगाला डोंगरी बुजुर्गची मँगेनीजची उघडी खाण, दुसरीकडे धानाची शेती. अब्बांचे गिऱ्हाईकही तसेच दोन तऱ्हेचे. शेतकऱ्यांसाठी बंडी, नांगर, दाराची चौकट. खाणीतल्या मजुरांसाठी टिकावाचे आणि कुदळीचे दांडे. बंडीच्या चाकाचा तुंबा, त्यात बसणारे आरे, त्यावर चढणारी लोखंडी धाव, यांतले काहीही कागदावर काढलेले नसायचे. सगळे मोजमाप हातात आणि डोळ्यांत. आम्ही अंगणात पाटीवर गणिते सोडवायचो आणि शेजारी रंध्याचा सरसर आवाज चालू असायचा. तो आवाज मध्येच थांबला की अब्बा धार लावत आहेत हे न पाहताच कळायचे. दिवसातून किती वेळा धार लावतात याचा आम्हाला कंटाळा यायचा.

त्यांची एक सागवानी पेटी होती. तिच्यात तीन रंधे, पटाश्या, किंकरे, करवती, गुण्या, गिरमिट, रेघ ओढायचा खतकश, कानशी आणि एक वाकस. वाकसाला अम्मी बसुला म्हणायची. पेटीला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. अब्बांना आम्ही शिकावे असे वाटायचे, पण सुतारकाम नव्हे. "तुम्ही कलम धरा," म्हणायचे. आम्ही कलम धरले आणि पेटीकडे पाठ फिरवली.

अब्बा १९९८ मध्ये अल्लाला प्यारे झाले. तोवर बंडीचे काम जवळपास संपलेच होते. ट्रॅक्टर आले, घरात प्लायवूड आले, मिस्त्रीच्या हाती विजेवर चालणारा रंधा आला. पेटी तीन वर्षे पडवीत तशीच पडून होती. २००१ च्या पावसाळ्याआधी घराची कौले बदलायची निघाली, पडवी रिकामी करायची होती, आणि दारावर भंगारवाला आला. आम्ही पेटी उपडी केली. त्याने काटा लावला. ३४ किलो भरले. किलोला ६ रुपये, म्हणजे २०४ रुपये. रिकामी पेटी त्याने जळणासाठी म्हणून फुकट मागितली, तीही दिली. अम्मी स्वयंपाकघरात होती. ती काही बोलली नाही. आम्हाला वाटले, तिचीही ना नाही.

चार दिवसांनी अम्मी चुलीपुढे बसून इकडेतिकडे पाहू लागली. म्हणाली, "बसुला कुठे आहे रे? काड्या फोडायच्या आहेत." अब्बांच्या माघारी ती रोज त्याच वाकसाने जळणाच्या काड्या फोडत होती, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच दिवशी भंगारवाल्याच्या मागावर तुमसर गाठले. माल ट्रकमध्ये भरून गेला होता. कुठे, तर त्यालाही नीट ठाऊक नव्हते. कदाचित नागपूर, कदाचित जालन्याच्या भट्ट्या. जालन्याच्या भट्टीत गेले असेल तर अब्बांच्या रंध्याची आता कोणाच्या तरी स्लॅबमधली सळई झाली असेल.

इथून आमचा शोध सुरू झाला. आधी फक्त अब्बांचीच हत्यारे शोधत होतो. त्यांच्या प्रत्येक हत्यारावर दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ अशी खूण ठोकलेली असे. ती खूण काही सापडली नाही, पण शोधता शोधता हातात दुसरी हत्यारे यायला लागली, आणि हातात आलेली पुन्हा ढिगात टाकवेना. मग तुमसर, मोहाडी, भंडारा येथील भंगाराची दुकाने झाली. नागपूरच्या इतवारीतली लोहाओळी झाली. पुण्याला लग्नाला गेलो तर बुधवार-रविवारचा जुना बाजार पाहिल्याशिवाय परतलो नाही. मुंबईत चोरबाजार पाहायला शुक्रवारी गेलो. जुम्म्याला तिथली पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर फुटकळ मालवाले बसतात. आमच्या कामाचा दिवस तोच.

हळूहळू पाहायची दृष्टी आली. गंज वाईट नसतो, खोलवर खाल्लेला गंज वाईट असतो. रंधा बिडाचा असेल तर आधी त्याच्या तोंडापाशी तडा पाहायचा, कारण बीड पडले की तडकते. पाते उलटून पाहायचे. जुन्या पात्यात नरम लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते. ती झिजून संपली असेल तर त्या पात्यात नुसते लोखंडच उरलेले असते. मग नाव वाचायचे. स्टॅनले नावाच्या अमेरिकी कंपनीने १८६९ मध्ये बेली नावाच्या कारागिराची रंध्याची पेटंटे विकत घेतली. आज जगभर जो लोखंडी रंधा दिसतो तो मुळात त्याच्या डोक्यातला. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये 'रेकॉर्ड' छापाचे रंधे १९३१ पासून निघाले, आणि आपल्याकडचे 'अनंत' छापाचे रंधेही त्याच घडणीचे. सोर्बीच्या पटाशीवर नाकाड्या विदूषकाचे चित्र असते. अशी एक पटाशी आम्हाला एका मंडईत चाळीस रुपयांना मिळाली. विकणारा तिने डब्यांची झाकणे उघडत होता.

शेफील्डचे नाव वाचले की आम्हाला एक गंमत वाटते. १८८२ मध्ये त्याच शहरात हॅडफिल्ड नावाच्या माणसाने मँगेनीजचे पोलाद बनवले. झिजता झिजत नाही असे ते पोलाद रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे आजही वापरतात. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या मध्य प्रांतातले मँगेनीज आगबोटीने विलायतेला जात होते. म्हणजे आमच्या पायाखालची माती तिकडे जायची आणि तिकडचे पोलाद इकडे यायचे. त्याच्याही कैक वर्षे आधी, तेलंगणातल्या कोनासमुद्रम भागात मुशीत पोलाद शिजत होते आणि इराणचे व्यापारी ते घ्यायला येत होते. लोखंड कुठून कुठे जाते याचा काही नेम नाही. कुराणशरीफातल्या ५७ व्या सूरेचे नावच 'अल्-हदीद', म्हणजे लोखंड. हजरत दाऊद (अ.स.) यांच्या हाती अल्लाने लोखंड मऊ केले होते, हे आम्ही मदरशात ऐकले होते. अब्बा ते ऐकून नुसते मान हलवायचे आणि कानस उचलायचे.

आमच्या भागातल्या लोखंडावर इथला इतिहासही ठोकलेला सापडतो. एका घणावर 'सी. पी. एम. ओ.' ही अक्षरे आहेत. १८९६ मध्ये विलायती लोकांनी इथे खनिज शोधायला मंडळी उभी केली, तिचीच पुढे सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीने 'मॉईल' आली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आज डोंगरी बुजुर्गचे मँगेनीज बॅटरीच्या सेलांसाठी जाते, पण त्या घणाने कोणत्या मजुराने किती दगड फोडले ते कुठल्या वहीत नाही.

एकदा 'बी. एन. आर.' असा शिक्का असलेला भलामोठा पान्हा समोर आला. बंगाल-नागपूर रेल्वेचा. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी लाईन तिचीच. हात शिवशिवले, पण आम्ही तो खाली ठेवला. रेल्वेच्या मालाबाबत १९६६ चा कायदा आहे. लिलावाचा कागद असल्याशिवाय अशी वस्तू घरात ठेवू नये. शिवाय कायद्याच्या आधी हलाल-हरामचा प्रश्न आहेच. ज्याचा हक्क ठाऊक नाही ती वस्तू घ्यायची नाही, असा नियम आम्ही केला होता. नियम केला तेव्हा वाटले, आपण त्यातून सुटलो.

घरी आणले की रॉकेलमध्ये भिजत घालायचे, चिंचेच्या कोळाने घासायचे, पुसायचे, तेलाचा हात द्यायचा. मोडलेल्या दांड्याच्या जागी धामणीचा नवा. मग फळीवर मांडायचे. पुण्याचे राजा केळकर संग्रहालय पाहून आल्यावर तर आमची मान ताठ झाली होती. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सगळे राज्य सरकारच्या हवाली केले. आम्हाला वाटले, आपणही अब्बांच्या नावाने असेच काही करत आहोत.

मग एके दिवशी एक माणूस आमच्याकडे आला. साठीचा, धोतर, खांद्यावर दुपट्टा. पोराच्या शाळेच्या दाखल्याचे काहीतरी काम होते. बोलता बोलता त्याची नजर फळीवर गेली आणि तो उठून उभा राहिला. एक वाकस त्याने न विचारता उचलला, उलटा केला, बुडाशी अंगठा फिरवला.

"हा तं माह्या बाचा वाकस हाये जी."

तो वाकस आम्ही बावनथडीपलीकडच्या एका बाजारातून दीडशे रुपयांना आणला होता. आमच्या फळीवरचा तो सगळ्यांत सुरेख तुकडा. बुडाशी त्रिशुळासारखी छोटी खूण होती. आम्ही ती शेकडो वेळा पुसली होती, ती कोणाची असेल असा विचार एकदाही केला नव्हता. त्याच्या भावाने घरवाटणीच्या वेळी सगळे भंगारात घातले, असे तो म्हणाला. त्याने खिशातून दोनशे रुपये काढून आमच्यापुढे ठेवले.

खरे सांगायचे तर आम्ही लगेच हो म्हटले नाही. पावती आहे, पैसे मोजले आहेत, असली वाक्ये मनात आली. आमच्यापैकी एकाने विचारलेही, "याचे आता करणार काय?"

"दांडे बनवतो जी. कुऱ्हाडीचे, फावड्याचे. बाजारात इकतो." मग त्याने धारेवर नख फिरवले आणि अगदी सहज म्हणाला, "साफसूफ लय केलं तुमी. पन धार नाही लावली."

आम्ही काहीच बोललो नाही. अब्बा दिवसातून किती वेळा धार लावायचे ते आठवले. दोनशे हत्यारे आम्ही चकचकीत करून ठेवली होती आणि त्यांतले एकही कापत नव्हते. आमचा वाकस कोणीतरी नेला म्हणून आम्ही इतकी वर्षे फिरत होतो, आणि दुसऱ्याच्या बापाचा वाकस आमच्या फळीवर होता. वाकस आम्ही त्याला दिला. दोनशे रुपये परत केले. त्याने ते घेतले नाहीत, अम्मीच्या हातात ठेवून निघून गेला.

त्यानंतर आम्ही गावातल्याच एका जुन्या मिस्त्रीकडे धार लावायला शिकायला बसलो. बोटे कापली. पहिली पटाशी नीट कापायला लागायला महिना गेला. आता फळीवरची बहुतेक हत्यारे कापतात. शाळेची दोनशे पानी वही केली आहे. कोणाला काय लागेल ते लिहून न्यावे, काम झाले की आणून द्यावे. काही परत येत नाहीत. त्याचे आम्हाला पूर्वीसारखे दुःख होत नाही, कुठेतरी कामच करत असतील. आणि कोणी खूण ओळखली तर वस्तू त्याची. अशा तीन वस्तू आजवर गेल्या. अम्मी हयात होती तोवर तिच्या चुलीपाशी एक वाकस होता. तो अब्बांचा नव्हता. तिने कधी तसे म्हटलेही नाही.

एक काम मात्र आम्ही वाढवून घेतले आहे. आसपासच्या गावात कोणी मिस्त्री, लोहार, कलईगर गेला, मग तो कोणत्याही जातीचा असो, की चाळीस दिवसांनी आम्ही त्या घरी जातो. विकत घ्यायला नाही. मुलांना एवढेच सांगतो की पेटी विकायची तर विका, गरज कोणाला चुकलेली नाही. पण काटा लावण्याआधी एकदा आईला विचारा, यातले तिला काय लागते. आम्ही ते विचारले नव्हते.

अब्बांची दोन टिंबे आणि तिरपी रेघ अजून दिसलेली नाही. यंदाही मंडई भरेल आणि आम्ही शेवटच्या टोकाला जाऊ.