पाळीची पथारी

लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे. 1905 साली सुरू झालेल्या या गिरणीच्या आवारात आता मॉल आहे आणि त्याला लागूनच सेंट रेजिस हे पंचतारांकित हॉटेल. हॉटेलची इमारत नवी, उंच. गिरणीशी तिचं नातं जमिनीपुरतंच. तिथून जाताना मला कापडाआधी झोप आठवते. रात्रीच्या मुक्कामाचा आणि परक्याच्या ताटाचा कारभार या वस्तीत हॉटेलं येण्याआधी कितीतरी वर्षं चालत होता.

कोकणातून, घाटावरून आलेला गडी गाववाल्यांच्या गाळ्यात उतरायचा. एका खोलीत वीस-तीस माणसं, आणि ती मावायची ती पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचा भोंग्याआधी बाहेर पडला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर पथारी टाकायचा. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे तरी काय, एखाद्या बाईची राहती खोलीच. पहाटे चूल पेटवून ती पंधरा-वीस जणांचं रांधायची, पाळीप्रमाणे पंगती उठवायची, डबे भरायची. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाच्या इतिहासात संपाचे नेते दत्ता सामंत यांचं नाव येतं, यायलाच हवं. पण 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा पगार थांबले तसे या बायकांचे हिशेबही थांबले.

कारखान्याची जुनी इमारत राखूनही हॉटेल होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्गला 1901 सालचा पिंपांचा कारखाना आहे. 2012 साली त्याचं वाइथ हॉटेल झालं. विटांच्या भिंती, मोठ्या कमानदार खिडक्या तशाच ठेवल्या. जुन्या छताचं पाइन लाकूड काढून त्याचे पलंग केले. व्हेनिसमध्ये जुदेक्का बेटावरची स्टकी पीठगिरणी 1955 ला बंद पडली आणि 2007 पासून तिथे हिल्टन आहे. भाड्याने राहणाऱ्या जुन्या माणसांना विल्यम्सबर्गही परवडेनासं झालं, हे खरंच. तरी इमारत राहिली की निदान कामाचं माप राहतं. यंत्राला किती उंची लागत होती, उजेड कुठून घेतला होता, हे मान वर केली की दिसतं.

मुंबईत ते माप का राहिलं नाही? कारण नियमात आहे. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणी पाडून जमीन मोकळी केली तर तिची तीन वाट्यांत विभागणी व्हायची: मालक, पालिकेच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरं. शेड न पाडता आत दुसरं काही केलं तर वाटणी नाही. म्हणून काही काळ शेड टिकल्या. 2001 च्या दुरुस्तीनं वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली, 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती मान्य केली, आणि जुन्या शेडला हात लावायला अडसर राहिला नाही. उत्तरेचा मऊ उजेड विणायच्या साच्यांवर सोडणारी करवती दातांची छपरं एकामागून एक उतरली. मला या छपरांचं दुःख चिमण्यांपेक्षा जास्त वाटतं. चिमणी लांबून दिसते म्हणून कुणीतरी ती राखतो; माणूस आयुष्यभर ज्या छपराखाली उभा राहिला, ते कुणी राखलं नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय ठरलं आहे. तिथे साचे येतील, येऊ देत. पण एक गाळाही हवा, खऱ्या मापाचा, ट्रंकांसकट. आणि शेजारी खानावळीची खोली. खानावळी चालवणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. कुठल्या पाळीला किती तांदूळ लागायचे, कोण आधी जेवायचं, संपात कुणाकुणाचे पैसे राहिले, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं.