खरखर

आवाजात खरखर आली की आपण आधी स्पीकरला शिव्या घालतो. पण मंडळी, चोर बऱ्याचदा मागच्या सॉकेटमध्ये बसलेला असतो! धूळ हवेतली ओल धरून ठेवते, धातूवर काळपट थर चढतो आणि सिग्नल अडखळतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

बाबांच्या ॲम्प्लिफायरचा डावा चॅनल असाच गेला. "नवीन घ्या," दुकानदाराचा सल्ला. पण आजीच्या ओव्यांची एकुलती एक कॅसेट बाबा त्याच सेटवर ऐकतात. मग रविवारी बसलोच. सेटचा प्लग भिंतीतून काढला. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळ्या पिना आणि सॉकेट्स पुसली, पूर्ण सुकू दिली. मग वायरी ५-६ वेळा आत-बाहेर केल्या. त्या घासण्यानेही थर निघतो. आजी पुन्हा दोन्ही बाजूंनी गायला लागली!

आणि हो, तोंडाने फुंकर मारू नका, ओल आत जाते. सँडपेपर तर नकोच. सोन्याचा मुलामा बहुधा १ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. रिकाम्या सॉकेट्सना रबरी टोपणं लावा.

जुना सेट भंगारात देण्याआधी एवढं करून बघाच. असो, चहा थंड होतोय.