पिन न पोहोचलेली जागा

जिवतीत कुणी जुनी रेकॉर्ड घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सर, वाजंल का ही?” कधी ती मराठवाड्यातून या डोंगरावर बिऱ्हाड हलवलेल्या एखाद्या घराच्या माळ्यावरून निघालेली असते, तर कधी राजुऱ्याच्या भंगारात किलोवर मिळालेली. अंगावर पांढुरकी बुरशी, कडेचा टवका उडालेला, लेबलावरचा कुत्रा अर्धा पुसलेला. माझं उत्तरही ठरलेलं आहे. वाजेल, पण एलपीच्या सुईनं नाही.

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी ही जुनी लाखेची रेकॉर्ड. तिची चर एलपीच्या चरीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, तर ७८ला ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई या चरीत सोडली की भिंतींवर टेकण्याऐवजी ती तळाच्या घाणीत फरफटत जाते. गाणं तर भिंतींवर कोरलेलं असतं. म्हणून टर्नटेबलवर ७८चा वेग असला की काम झालं, असं नाही. सुई बदलावी लागते आणि भारही वाढवावा लागतो. एलपीला दीड-दोन ग्रॅम पुरतात, मी इथं पाच ग्रॅमच्या आसपास ठेवतो. तेवढ्यानंही काही जण दचकतात. पण चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स याच रेकॉर्डवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकायचा आणि त्यात पोलादी पिन असायची.

ती पिन दर बाजूला बदलायची असा दंडक होता, आणि त्याचं कारण रेकॉर्डच्या मसाल्यात आहे. हा माल निव्वळ लाखेचा नसतो. लाख बांधून धरते, बाकी बराचसा भाग दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुताचे धागे. ती भुकटी पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून चरीच्या मापाचं करायची. एकच पिन पुढे वापरत राहिलं, की घासून धारदार झालेल्या कडा चर ओरबाडायच्या. जुन्या रेकॉर्डींची बहुतेक खरखर अशा काटकसरीतून आलेली आहे.

लाख मात्र आपल्या ओळखीची. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडा ती तयार करतो. पळस-बोरीवरची रंगीनी आणि कुसुमावरची कुसुमी, अशी तिची पिकं धरतात. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात आजही लाख काढतात. एकेकाळी जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्या हिंदुस्थानातल्या लाखेवर अवलंबून होत्या. दुसऱ्या महायुद्धामुळे पुरवठा अडला, तेव्हा १९४२मध्ये अमेरिकेच्या सरकारनं तिथल्या कंपन्यांना लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी मोडकी आणून द्या, अशी तिथं वेळ आली होती.

दाराला पॉलिश करायला आलेल्या सुतारमामांनी माझ्या टेबलावरचा एक तुटका तुकडा उचलला, स्पिरिटचं बोट त्यावर फिरवलं आणि नाकाशी नेलं. बोट काळं झालं होतं. म्हणाले, “सर, हा तर चपडा हाय.” रेकॉर्ड पुसण्याबद्दल याहून मोलाचा धडा नाही. चपडा म्हणजे साफ केलेली लाख. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणूनच त्याचं पॉलिश होतं. आणि म्हणूनच अल्कोहोल असलेलं, व्हिनाइलसाठी विकलं जाणारं द्रव या रेकॉर्डींना लावायचं नाही. मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो. त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालायचा, मऊ ब्रश चरीच्या दिशेनं फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं आणि मग नुसत्या पाण्यानं धुऊन लगेच टिपून घ्यायचं.

वेगाची गोष्ट वेगळी. ७८ हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक रेकॉर्डी सत्तरपासून ऐंशीच्या पुढपर्यंत कोणत्याही वेगानं भरलेल्या सापडतात. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर अर्ध्या स्वरानं सरकतो, पांढरी एकची बाई काळी एकमध्ये गाऊ लागते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झची वीज, त्यामुळे टर्नटेबलवर फिरणाऱ्या स्ट्रोब तबकडीच्या ७७ रेघा जुन्या पिवळ्या बल्बखाली स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ आहे असं समजायचं. बऱ्याच एलईडी दिव्यांत हवी तशी लुकलुक नसते, म्हणून या कामापुरता झिरोचा एक बल्ब मी राखून ठेवला आहे. लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की रेघांवरही भरवसा नको. त्या वेळी मी माझी पेटी पुढ्यात ओढतो. रेकॉर्डवर साथीला पेटी असेल तर गायकाच्या आवाजापेक्षा तिच्याकडे कान लावावा. गायक सूर खेचेल, झुलवेल. पेटीची पट्टी जागची हलत नाही. ती माझ्या पट्टीला येऊन मिळेपर्यंत टर्नटेबलवरची पिचची पट्टी सरकवायची. त्या काळच्या पेट्या सगळ्या एका मापात लावलेल्या नव्हत्या, म्हणून शेवटचा निर्णय गळ्याचा. आवाज चिरका झाला नाही ना, शब्द लांबले नाहीत ना, हे पाहून हात थांबवायचा.

पुढचं काम विजेच्या बाजूचं. ७८ मोनो असते, आणि बहुतेक ७८वर सुई फक्त आडवी हलते. आजचं स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही टिपतं, आणि त्या उभ्या हालचालीत गाणं नसतं, फक्त खड्डे नि कचरा असतो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की तो बराचसा आपोआप कटतो. शिवाय आजच्या फोनो प्रीअँपमधला आरआयएए वक्र १९५४ नंतर रूढ झाला. तो तार स्वर दाबतो आणि खर्ज उचलतो. १९२५च्या आधी कर्ण्यात गाऊन भरलेल्या रेकॉर्डीला असं काही नकोच असतं. तिला हा वक्र लावला की गाणारा घोंगडीआडून गातोय असं वाटतं. म्हणून मी काहीही न लावता आवाज संगणकात घेतो आणि लागेल तोच वक्र नंतर देतो.

पण या धंद्यातली खरी मजा सुया बदलण्यात आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली एक ओडियन रेकॉर्ड माझ्याकडे आली, ती वाजवून वाजवून करडी झालेली. ७५ मायक्रॉनच्या सुईनं नुसता तळणीचा आवाज. तार षड्जावर आवाज फाटायचा. मग ६५ची, टोक छाटलेली सुई लावली. ती त्याच चरीत थोडी खाली बसली. खरखर राहिली, पण षड्ज फाटला नाही आणि त्यामागचा तंबोरा ऐकू आला. पोलादी पिना एका ठरावीक उंचीवरच भिंत झिजवत आल्या होत्या. त्या पट्ट्याच्या खाली, अगदी केसाएवढ्याही नाही अशा जागेत, जवळपास कोरी भिंत शिल्लक होती. दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डीत ती वर सापडते, तिथं ७५हून जाड सुई लागते. कुठं सापडेल हे डोळ्यांना दिसत नाही. सुई लावायची, अर्धा मिनिट ऐकायचं, उचलायची, दुसरी लावायची.

रेकॉर्ड झिजली म्हणून गाणं संपलं, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. संपलेला असतो तो फक्त एका पिनेचा रस्ता. या रेकॉर्डी टिकवायच्या तर आपल्याकडच्या उन्हापासून जपावं लागतं. पारा ४५च्या पुढे गेला की पत्र्याखाली आडव्या रचलेल्या रेकॉर्डी वाकतात. त्या उभ्या, भिंतीपासून दूर, कागदी पाकिटात ठेवाव्यात. आणि आवाज साठवताना तो चकचकीत करायच्या भानगडीत पडू नये. खरखर काढणारी सॉफ्टवेअरं खरखरीबरोबर सारंगीचा गजही खातात. माझ्या प्रत्येक फाइलीला जोडून मी सुईचं माप, भार आणि वेग लिहून ठेवतो, साफ केलेली प्रत वेगळी करतो आणि मूळ प्रतीला हात लावत नाही. रेकॉर्ड परत देताना त्या घरालाही हेच सांगतो, की गाणं मोबाइलवर आलं म्हणून ही फेकू नका. माझ्याकडे चारच मापाच्या सुया आहेत, पाचवी कुणाकडे तरी असेल.