कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' ही म्हण आपल्याकडे घराघरांत ऐकवली जाते. बांधावरून भावाभावांत कुरबुर झाली, विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली की कोणी तरी वडीलधारा ती उच्चारतो आणि तंटा बहुधा ओट्यावरच मिटतो. म्हणीत शहाणपण आहे, यात शंका नाही. मात्र ती रचणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे. पायरी चढावी की चढू नये, हे ठरवण्याची मुभा प्रत्येकाला असते, असे तो समजून चालला आहे. ज्याच्या पायांत बळ नाही, ज्याला पायरी दिसत नाही किंवा पायरीपलीकडचा माणूस काय बोलतो ते ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापुढे शहाणपणाचा प्रश्न उभाच राहत नाही. त्याच्यासाठी निवड आधीच कोणी तरी करून ठेवलेली असते. आणि कोर्टाची पायरी तर फार पुढची. तिच्याआधी वकिलाच्या कचेरीची पायरी येते.

हा विचार माझ्या मनात रुजला तो माझ्या थोरल्या आत्यामुळे. आत्या अविवाहित होती. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय अधू केले आणि साठीनंतर काचबिंदूने दृष्टीही क्षीण होत गेली. तरीही ती हिशेबाला इतकी पक्की, की वाडीतून केळीचे किती लोंगर उतरले आणि व्यापाऱ्याकडे किती येणे राहिले, हे तिला तोंडपाठ असे. आजोबांच्या पश्चात अर्धी वाडी आणि तीतली विहीर तिच्या वाट्याला आली होती. 2018 साली पावसाळा सरल्यावर तिने मला बोलावून घेतले आणि म्हणाली, "मला मृत्युपत्र करायचे आहे. वकिलाकडे घेऊन चल."

आम्ही रिक्षा करून गेलो. वकीलसाहेबांची कचेरी स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद, लाकडी आणि उभा. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. मी वर जाऊन निरोप दिला तेव्हा ते स्वतः खाली उतरून आले. गृहस्थ सौजन्यशील होते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. रिक्षाच्या दांडीला धरून ते उभे राहिले आणि आत्याकडे न पाहता मला विचारू लागले, "कोणाला काय द्यावे असे यांच्या मनात आहे?" शेजारी भाजीवाली बसली होती. आमच्याच गावातले दोघे ओळखीचे लोक चार पावलांवर चहा घेत होते. आत्या शांतपणे म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्या मनात काय आहे ते मी रस्त्यावर सांगणार नाही. आणि ते माझ्या भाच्यालाही ठाऊक नाही." मग मला म्हणाली, "चल, घरी जाऊ."

त्या दिवशी तिला जिना चढता आला नाही, ही गोष्ट लहान होती. जिना चढू शकणाऱ्या कोणत्याही पक्षकाराला जे सहज मिळते, ते तिला नाकारले गेले, ही गोष्ट मोठी होती. दार लावून, एकट्याने, आपल्या तोंडाने आपली इच्छा सांगण्याचा तो हक्क. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचे कवच दिले आहे. पण जिथे बोलणेच रस्त्यावर होते, तिथे त्या कवचाचा उपयोग काय?

पुढे काही दिवसांनी एक तरुण वकील बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी प्रथम आत्याला नमस्कार केला, तिच्या खाटेजवळ खुर्ची ओढून घेतली आणि आम्हां सर्वांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. तासाभराने त्या बाहेर आल्या. आठवड्याने मसुदा घेऊन पुन्हा आल्या, तेव्हाही दार लावून त्यांनी तो दोनदा सावकाश वाचून दाखवला. आत्याने त्यात एक दुरुस्ती सुचवली, हे नंतर कळले. विहिरीचे पाणी शेजारच्या घराला पूर्वापार दिले जात होते. तो हक्क पुढेही चालू राहावा, असे एक वाक्य तिने घालून घेतले. दोन साक्षीदार निवडले, तेही मृत्युपत्रात ज्यांचा काडीचाही लाभ नाही असे. दुय्यम निबंधकांना अर्ज केल्यावर ते घरी आले आणि तिच्या खाटेशेजारीच दस्ताची नोंदणी झाली.

2021 साली आत्या गेली. मृत्युपत्र उघडले तेव्हा समजले, की वाडीचा मोठा हिस्सा तिने माझ्या धाकट्या विधवा काकूला दिला होता. तिच्या अखेरच्या वर्षांत काकूनेच तिची सेवा केली होती. हे वाक्य जर त्या दिवशी रिक्षाजवळ उच्चारले गेले असते, तर संध्याकाळच्या आत दोन घरांत भांडण पेटले असते आणि काकूला त्या घरात राहणे कठीण झाले असते. आता मात्र कोणाला काही बोलण्यास जागा उरली नव्हती. शब्द आत्याचे होते आणि ते तिनेच सांगितले होते, याविषयी कोणालाच संशय नव्हता.

नंतर मी जरा खोलात जाऊन वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की वकील बाईंनी मेहेरबानी म्हणून काही केले नव्हते; बहुतेक सारे कायद्यातच होते. आपणां ख्रिस्ती लोकांना वारसाहक्काच्या बाबतीत 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याच्या 59 व्या कलमातील स्पष्टीकरण सांगते, की कोणी अंध, बहिरा किंवा मुका आहे एवढ्यावरून तो मृत्युपत्र करण्यास अपात्र ठरत नाही. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत असले म्हणजे पुरे. 63 व्या कलमानुसार सही न जमल्यास खूण चालते, किंवा त्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसरा कोणी सही करू शकतो. साक्षीदार मात्र किमान दोन लागतात. 61 वे कलम म्हणते, की फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणारा तगादा यांतून झालेले मृत्युपत्र रद्दबातल ठरते. आणि 67 व्या कलमाप्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या पतिपत्नीला दिलेले दान निष्फळ होते. म्हणजे नातलगांना खोलीबाहेर पाठवणे ही केवळ रीत नव्हती. दस्ताच्या बळकटीचाच तो भाग होता. घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद तर 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. शंभर वर्षांहून जुनी ही सोय किती कुटुंबांना ठाऊक असेल?

अपंगांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे प्रथम 1995 साली झाला. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार 2006 साली स्वीकारला गेला आणि भारताने 2007 साली त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या तेराव्या अनुच्छेदाचा विषयच न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क हा आहे. त्याला अनुसरून झालेला 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार गणले आहेत आणि न्यायालये व न्यायाधिकरणे यांच्यापुढे भेदभावाविना दाद मागता यावी, याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. हा कायदा खासगी आस्थापनांनाही ओळखतो. जनतेला सेवा देणाऱ्याने ती सर्वांना सुगम करावी, अशी त्याची अपेक्षा आहे.

तरीही कागद आणि जिना यांत अंतर राहतेच. राजीव रातुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सार्वजनिक जागा सुगम व्हाव्यात म्हणून 2005 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. 2017 साली न्यायालयाने विस्तृत आदेश दिले. त्यांचे पालन पुरेसे होईना, म्हणून 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाला पुन्हा बोलावे लागले. सुगमतेचे निकष नियमांत केवळ मार्गदर्शक ठेवले होते; कायदा मात्र सक्तीची भाषा बोलतो. तेव्हा तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून, बंधनकारक निकष तयार करावेत, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले. एका माणसाने लावलेल्या चिकाटीची ही जवळजवळ वीस वर्षे आहेत.

या विषयावर मी काही वकील मित्रांशी बोललो. एकाने प्रांजळपणे सांगितले, "अहो, अशी माणसे आमच्याकडे येतच नाहीत. मग कोणासाठी खर्च करायचा?" ती येत नाहीत, हे खरे. पण जिथे येताच येत नाही तिथे कोण येणार? शिवाय खर्चाचे म्हणाल, तर बहुतेक गोष्टींना पैसा लागतच नाही. उंबऱ्याशी उतार करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे साधे प्रमाण आहे. आणि तेही शक्य नसेल तर तळमजल्यावरची शेजाऱ्याची खोली तासाभरासाठी मागता येते किंवा घरी जाता येते. भेटीची वेळ ठरवतानाच "येथे येताना आपल्याला काही सोय लागेल का?" एवढे विचारावे. दृष्टिहीन पक्षकाराला दस्ताचे छायाचित्र न पाठवता संगणकावर टंकलेला मजकूर पाठवावा, म्हणजे वाचून दाखवणारी संगणक-प्रणाली तो त्याला ऐकवू शकते. छायाचित्रापुढे ती बहुधा अडते. ऐकू न येणाऱ्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवावे, गरज पडल्यास लिहून विचारावे आणि महत्त्वाच्या कामी खुणांच्या भाषेचा दुभाषी बोलवावा. घरातल्या माणसाला दुभाषी करू नये. कारण कधी कधी तक्रार त्या घरातल्या माणसाविरुद्धच असते. समजायला वेळ लागणाऱ्या माणसाला सोपे शब्द आणि दुसरी भेट द्यावी. आणि सर्वांत स्वस्त सोय म्हणजे पक्षकाराकडे पाहून, पक्षकाराशीच बोलणे.

अपंग माणूस म्हणजे नेहमी मेजाच्या अलीकडे बसणारा, असेही समजण्याचे कारण नाही. बालपणापासून दृष्टिहीन असलेले साधन गुप्त 1986 साली पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या ऐकू न येणाऱ्या वकील बाईंनी खुणांच्या भाषेच्या दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. आणि 3 मार्च 2025 रोजी त्याच न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ दृष्टिहीन आहे म्हणून कोणालाही न्यायाधीशपदाच्या निवडीतून वगळता येणार नाही. ज्यांनी जिना बांधताना या माणसांचा विचार केला नाही, त्यांनाच उद्या त्यांच्यापुढे उभे राहून युक्तिवाद करावा लागेल.

आपल्या पॅरिशमधील कुटुंबांना एक माहिती येथे दिली पाहिजे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. प्रकरणात सकृतदर्शनी तथ्य असले पाहिजे, एवढेच. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. आपल्या गावात खाटेला खिळलेली, काठी टेकत चालणारी किंवा कानाने अधू झालेली किती तरी माणसे आहेत. कोणाची जमीन भावाने परस्पर नावावर करून घेतली आहे, कोणाचे निवृत्तिवेतन अडले आहे, कोणाला पोटच्या मुलाविरुद्ध दाद मागायची आहे. 'अपंग' म्हणा किंवा आजच्या सरकारी भाषेत 'दिव्यांग' म्हणा, त्यांची गाऱ्हाणी तुमच्याआमच्यासारखीच आहेत.

आपण त्यांची काळजी घेतो, त्यांना जेवू घालतो, औषधे आणून देतो. पण काळजी घेता घेता त्यांच्या वतीने बोलण्याची सवय आपल्याला नकळत लागते. "तिला काय कळते, मी सांगतो ना," हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते आणि तिथेच त्या माणसाचा आवाज बंद होतो. तेव्हा घरातल्या कोणाला वकिलाकडे जायचे असेल, तर त्याला अवश्य घेऊन जा. हात द्या, खुर्ची उचला, वकिलांना खाली बोलवा किंवा घरी बोलवा. बोलणे सुरू झाले की दार लावून घ्या आणि बाहेर बसा.