आमच्या गायकाला ‘डुप्लिकेट’ म्हणणं थांबवा

भिंगारच्या आमच्या वस्तीत ज्यांची पेटी ऐकत मी मोठा झालो, त्या काकांची ओळख आजही ‘डुप्लिकेट प्रल्हाद शिंदे’ अशीच करून दिली जाते. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असतं. पण त्या कौतुकात काकांचं नाव गिळलं जातं. एका जयंतीच्या पत्रिकेत वर्गणीदारांची नावं होती, पाहुण्यांचे फोटो होते आणि गाण्यापुढे फक्त एवढंच छापलं होतं : ‘प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात भीमगीते’. प्रल्हाद शिंदे 2004 मध्येच गेले. मग त्या रात्री दोन तास गात कोण होतं?

मित्रहो, हा फक्त मानापमानाचा प्रश्न नाही. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. शिष्याच्या गळ्यात गुरूचा सूर सापडला की जाणकार माना डोलावतात आणि त्याला ‘घराणं’ म्हणतात. आमच्या गायकाच्या गळ्यात त्याच्या आदर्शाचा सूर सापडला की ती ‘नक्कल’ ठरते. पिअर बोर्द्यू हा समाजशास्त्रज्ञ ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते हेच. कुणाची परंपरा आणि कुणाची कॉपी, हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

काकांना गुरू मिळाला नाही, टेपरेकॉर्डर मिळाला. दिवसभर कॅम्पात रंगकाम करायचं आणि रात्री एकच कॅसेट मागे फिरवून फिरवून हरकत गळ्यात बसवायची. ज्याला कुणी शिकवायला तयार नाही, तो असाच शिकतो.

आणि उसनं कुणी घेतलेलं नाही? सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला, आंबेडकरी जलशाने सत्यशोधक जलशाचा. वामनदादा कर्डकांनी 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. खुद्द प्रल्हाद शिंदेंच्या गायकीत कव्वालीचं वळण स्पष्ट ऐकू येतं. चाल ओळखीची असली की निरक्षर माणसालाही गाणं एका रात्रीत पाठ होतं. चळवळ घराघरात गेली, त्यात या उसन्या चालींचा वाटा मोठा आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, ‘पण स्वतःचं काहीतरी हवं ना?’ मान्य. काकांकडे ते आहे. दोन वह्या भरून आहे. कॅम्पातली रोजंदारी, झाडूवाल्या बायांची पहाट, शाळा सुटलेली पोरं, सगळं भिंगारचं. सूर शिंदेंच्या वळणाचा आहे, पण त्यातला माणूस इथला आहे. अडचण अशी की ते वही उघडू लागले की समोरून आपणच ओरडतो, ‘काका, ते फेमस घ्या!’ मग वही पिशवीत जाते. काकांनी सत्तरी ओलांडली आहे, दम लागतो. त्या वह्यांतलं एकही गाणं कुठे छापलेलं नाही की रेकॉर्ड झालेलं नाही.

आपण डीजेला हजारोंची सुपारी देतो आणि काकांना शाल-नारळ. बाजाराने आमच्या कलावंताला किंमत दिली नाही अशी तक्रार करण्याआधी मंडळाच्या जमाखर्चाची वही उघडून बघा.

येत्या 14 एप्रिलला प्रत्येक मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. पत्रिकेवर गायकाचं, पेटीवाल्याचं, ढोलकीवाल्याचं नाव छापावं. मानधन आधी ठरवून हातात द्यावं. आणि निदान एक गाणं गायकाच्या स्वतःच्या वहीतलं मागावं. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून कवीचं नाव, गाव आणि तारीख टाकून जपावं. कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलमुळेच महाराष्ट्रभर पोहोचला. तोच मोबाइल आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

वही वाळवीने खाल्ल्यावर अभिवादन सभा घेऊन उपयोग नाही. काका अजून गातात. त्यांना त्यांच्या नावाने बोलवा.

जय भीम!